टोपाला आतून खिट्टी नव्हती

१

चाकणच्या त्या कंपनीत माल उतरवायच्या धक्क्यावर मोठाले कूलर लावलेले आहेत. पार्ट तापू नयेत म्हणून. माणसांनाही त्याचा फायदा होतो, पण तो योगायोग. नानासाहेबांची पिकअप दुपारपासून त्या गारव्यात आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. दिवस मावळायच्या सुमारास तिच्या हौद्यावरच्या नव्याकोऱ्या पोलादी टोपाचं, म्हणजे पेटीसारख्या बंद झाकणाचं, कुलूप काढून दार उघडलं. आत पार्टांचे निळे क्रेट होते. क्रेटांच्या मागे, ड्रायव्हरच्या केबिनला लागून असलेल्या भिंतीला टेकून, गणराज बसला होता. तपासणीवाला आधी क्रेटांकडे धावला. माल ठीक होता.

गणराज मेलेला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, आणि चहा यायच्या आत उलगडाही झाला. या पिकअपमधला माल चाकण चौकाच्या गर्दीत पूर्वी चार-दोनदा चोरीला गेला होता; म्हणून तर ताडपत्री जाऊन टोप आला. गणराज याच गाडीवर हेल्पर होता. त्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता, असं ड्रायव्हर धनेशनं सांगितलं. म्हणजे तो चोरी करायला लपून बसला, धनेशनं न बघता बाहेरून कुलूप लावलं आणि उन्हात पत्रा तापून तो गुदमरला. गुन्हा आणि शिक्षा एकाच हौद्यात उरकल्यामुळे ठाण्याचं बरंच काम वाचलं.

फक्त मयताच्या बायकोनं प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला.

ती बायको, दिव्या, दुसऱ्या दिवशी थेरगावात डांगे चौकामागच्या एका दुमजली घराच्या पायरीवर येऊन बसली. घर सुमनताईंचं. सुमनताई पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या. आता भाजीवाल्याचं वजन सोडून कशाचाही तपास करत नसत. परभणीकडून नवीन आलेले असताना गणराज आणि दिव्या त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले होते.

"ताई, मी यांना आणलं नाही," दिव्या म्हणाली. "शवागारातच आहेत. सही कर म्हणतात. कागदावर लिहिलंय, चोरीच्या उद्देशाने लपून बसलेला इसम. त्याच्याखाली मी सही करू?"

"नको करूस."

"गावाकडं सासूबाई वाट बघायल्यात. भावकी म्हणती, चोराला खांदा कोण देणार. तो शब्द निघाल्याबिगर मी त्यांना गावात कशी नेऊ?"

सुमनताईंनी वरच्या खोलीच्या जिन्याकडे पाहिलं. "तो असताना माझा सिलेंडर कोण चढवायचं गं वर?"

"हेच."

"न सांगता चढवायचा. चोर घरात चढतो, सिलेंडर चढवत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुला त्याच्या वस्तू काय काय परत दिल्या?"

"कपडे. पट्टा. कमरेचा करदोडा." दिव्यानं बोटांवर मोजलं. "मोबाईल नाही दिला. लावला तर बंद लागतो."

"आणि चपला?"

दिव्यानं वर पाहिलं. "अनवाणी सापडले म्हणून लिहिलंय. पण ताई, घरातून चपला घालून निघाले. मी दारातच होते."

"म्हणजे चपला आणि मोबाईल कुठंतरी उतरले, आणि माणूस एकटाच पुढं गेला," सुमनताई म्हणाल्या. "चल, रिक्षा बघ. आधी तो टोप कुणी बनवला ते पाहू."

२

टोप रविराजनं बनवला होता. त्याचं वर्कशॉप भोसरीत. दारात वेगवेगळ्या पिकअप उघड्या पाठीनं उभ्या होत्या, न्हाव्याकडे नंबर लावून बसल्यासारख्या. सुमनताईंनी आपण मालक असल्यासारखा चेहरा केला. पुतण्याच्या पिकअपसाठी काय घ्यावं, असं विचारलं. दिव्या मागे पदर ओढून उभी राहिली.

रविराज खुलला. हौद्यावर काय टाकायचं यावर माणसं पोरीचं स्थळ बघण्यापेक्षा जास्त वेळ घालवतात, असं त्याचं निरीक्षण होतं, आणि तो वेळ तो आनंदानं देत असे.

"ताडपत्री घ्याल तर स्वस्त, पण ब्लेडचं एक पातं बास. सिग्नलला गाडी थांबली की पोरं फाडतात. जाळी घ्याल तर चोराला आत काय आहे ते आधीच दिसतं, त्याची निवड सोपी होते. गुंडाळायचं शटर चांगलं, पण आपल्याकडची धूळ त्याच्या खाचेत बसली की मालकालाही उघडत नाही. माल काय आहे पुतण्याचा?"

"क्रेट. त्या नानासाहेबांचा असतो तसला. दोन थरांच्या वर क्रेट रचायचे नाहीत म्हणे."

"मग झालं. हौद्याच्या कडेच्या खालीच राहतो तो माल. त्याला हे चपटं झाकण." त्यानं एका गाडीवरचं पोलादी झाकण थोपटलं. "हौद्याच्या काठाशी सपाट बसतं. रबरी बीडिंग, दोन बाजूंना कुलूप. हात घालायला फट नाही, वाऱ्याला अडत नाही, डिझेल खात नाही. याच्यापेक्षा सुरक्षित काही नाही."

"मग नानासाहेबांनी हे का नाही घेतलं?"

रविराजचा हात झाकणावरच राहिला. गणराजची बातमी त्यानंही वाचली होती. त्यानं पहिल्यांदाच दिव्याकडे नीट पाहिलं.

"मी हेच सुचवलं होतं," तो सावकाश म्हणाला. "त्यांना उंच टोप पाहिजे होता. गिऱ्हाईक म्हणेल ते."

"झरोके?"

"मी दोन्ही बाजूंना ठेवतो. पाणी येत नाही, हवा खेळते. त्यांनी नको सांगितले. आतून उघडायची खिट्टीही देतो मी, चुकून कोण आत राहिलं तर. तीही काढायला लावली. आतून उघडणारं दार म्हणजे चोराची सोय, म्हणाले."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक ड्रायव्हरला, एक मालकाला. असंच देतो सगळ्यांना."

नानासाहेबांनी दुसऱ्या गाडीसाठीही तसाच टोप सांगितला होता. तळासकट पेटीसारखा तो टोप तयार होऊन मागच्या अंगाला एका ढकलगाडीवर ठेवलेला होता. सुमनताईंनी साडीचा काठ खोचला.

"ताई, गुडघे दुखतील," रविराज म्हणाला.

"ते बाहेरही दुखतात. तू दार लाव."

दार लागलं. अंधार इतका ताबडतोब झाला की सुमनताईंना आपले डोळे उघडे आहेत का मिटलेले ते कळेना. आवाज तुटला. नव्या रंगाचा वास नाकातून घशात उतरला. टोप सावलीत होता, तरी कपाळावर घाम फुटला. भिंतीला पाठ टेकून त्या बसल्या. डोक्यावर चांगली वीतभर जागा उरली. रविराजनं बाहेरून ढकलगाडी जराशी हलवली असावी. त्यांचा तोल गेला आणि आधारासाठी हात आपोआप बाजूला गेला.

तिथं भिंतीवर काहीतरी होतं. नेमकं हाताच्या उंचीला. गोल, आणि मऊ.

३

ती लोखंडी कडी होती आणि तिच्यावर सायकलच्या मुठीला असतं तसलं रबर चढवलेलं होतं.

"ती माल बांधायला," दार उघडल्यावर रविराज म्हणाला.

"माल बांधायच्या कड्या तळाशी दिसतात की चार."

"हो. त्या वेगळ्या."

"आणि हिला रबर?"

"नानासाहेबांनी सांगितलं, रबर चढव." रविराज वेल्डिंगच्या मशीनकडे अशा कुतूहलानं पाहू लागला, जणू ते आजच दुकानात आलं होतं. "मी विचारलं नाही ताई. विचारायला पाहिजे होतं का?"

दिव्या टोपाच्या उघड्या दारातून आत पाहत होती. तिनं हात घालून त्या कडीला एकदा धरलं आणि सोडलं.

नानासाहेब रावेतच्या एका उंच इमारतीत राहत. मूळ गाव चाकणच्या पलीकडे. जमिनीवर कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांनी कारखान्यांच्या दारात गाड्या उभ्या केल्या. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला अष्टगंध. सुमनताईंना त्यांनी अगत्यानं बसवलं. दिव्याला खाली रिक्षातच ठेवून सुमनताई एकट्या वर आल्या होत्या.

"लई वाईट झालं बघा," नानासाहेब म्हणाले. "पोरगं गुणाचं हुतं. पण बुद्धी फिरली. चोरी ती चोरीच."

"तुमच्याच गाडीवर कामाला होता ना?"

"कवामवा यायचा. कामाला असं न्हाई. त्याचं नाव कुठं चढवल्यालं हाय? त्या गाडीवर नुसता धनेश, ड्रायव्हर. बाकी आमी कुणाला ठिवत न्हाई."

"मग कंपनीत माल कोण उतरवतं? धनेश एकटाच?"

"तरणा हाय की." नानासाहेब हसले. "कंपनीचा नियमच हाय तसा बाई. पास असंल त्योच आत. आन् पास त्यालाच, ज्याचं नाव आपल्या कामगारांत लिवलंय. एकदा नाव लिवलं की माणूस गळ्यात पडतो. फंड काढा, विमा काढा, हात मोडला की दवाखाना बघा."

"खरंय. न लिहिलेला बरा. मोडला तरी आपला नाही." सुमनताईंनी चहाचा घोट घेतला. "टोप उंच का घेतला म्हणे?"

"म्होरं मोठा माल मिळंल म्हणून. माणसानं म्होरचं बघावं."

"आणि त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"हितंच, घरी. कंपनीत ऑडिट हुतं, परदेशातलं पाहुणं आल्यालं. आपलं काय काम तिथं? सांजच्याला फोन आला तवा धावत गेलो. धक्क्यावर गाडी उभी. दार उघडल्यालं." त्यांनी मान हलवली. "पत्रा असा तापल्याला, का हात लावला तर चटका बसत हुता. त्यात त्यो बिचारा… नगं वाटतं आठवाया."

सुमनताईंनी कप खाली ठेवला. चहा अर्धा उरला होता. त्या इतक्या घाईनं उठल्या की गुडघ्यानंही तक्रार करायची संधी गमावली.

४

पिकअप चाकणच्या ठाण्यामागं जप्त होऊन उभी होती. तिथले फौजदार तरुणपणी सुमनताईंच्या हाताखाली शिकलेले; आजही त्यांच्यासमोर टोपी सरळ करत. "मॅडम, केस बंद झाल्यातच जमा आहे," ते म्हणाले.

"मग उघडून बघायला हरकत नाही. त्या ड्रायव्हरला बोलाव."

धनेश आला. दाराएवढा माणूस, पण त्या दिवशी स्वतःच्याच मागे लपायला बघत होता. दिव्याला पाहून त्यानं मान खाली घातली.

"वहिनी."

दिव्या गाडीकडे बघत राहिली.

"गणराज त्या दिवशी तुला भेटलाच नाही?" सुमनताईंनी विचारलं.

"न्हाई मॅडम. सुट्टी टाकली हुती त्यानं."

"केबिन उघड."

सीटच्या पाठीमागे जॅक, पान्हे, एक गोणपाट. गोणपाटाखाली चपलांचा जोड. सुमनताईंनी तो बाहेर काढून धनेशसमोर ठेवला.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"घाल."

धनेशनं पाय घातला. टाच निम्मी बाहेर राहिली. दुसऱ्या चपलेत हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दिव्यानं वाकून ते उचललं. आत गणराजचा मोबाईल होता.

"यांचा रुमाल," ती म्हणाली. तिनं त्याची पुन्हा तशीच घडी घातली.

"आता मी सांगते, तू नुसती मान हलव," सुमनताई म्हणाल्या. "गणराज सकाळी तुझ्या शेजारी बसून आला. गेटच्या अलीकडे तुम्ही गाडी थांबवली. मोबाईल वाजला तर गेटवर कळेल, म्हणून तो बंद करून इथं ठेवला. आणि चपला काढल्या, कारण पार्टावर कोटिंग असतं. चपलेतल्या खड्यानं ओरखडा उठला, तर सगळा माल परत येतो. चोरायचा माल खराब होऊ नये म्हणून चपला काढणारा चोर मी सबंध नोकरीत पाहिला नाही धनेश. हा माल उतरवणारा माणूस आहे."

धनेशनं मान हलवली. मग तो खालीच बसला, चाकाला पाठ लावून.

"रोजचंच हुतं मॅडम. सगळ्याच गाड्या करत्यात. हेल्परला पास न्हाई, आन् एकट्यानं माल उतरत न्हाई. ताडपत्री हुती तवा क्रेटाच्या मागं बसायचा. आत गेलं की आपला आपण निघायचा. ह्या टोपाला म्हटलं, गणा, आतून निघत न्हाई रं हे. त्यो म्हणला, तू हाईस की भायेर."

"मग?"

"गेटवर किल्ल्या जमा कराव्या लागत्यात. सगळा जुडगा. टोपाची किल्ली पण त्यातच. रोज लगेच मिळती. त्या दिवशी ऑडिट. गाड्या भायेर उन्हात लावल्या. आमाला ड्रायव्हरच्या खोलीत कोंडलं, पाहुण्यांना आमची तोंडं दिसू नये म्हणून. मी नानासायबांना फोन लावला. म्हटलं, गणा आत हाय, तुमची किल्ली घिऊन या."

"काय म्हणाले?"

"गप बस म्हणले. बोललास तर सगळ्या गाड्या बंद हुतील. येतो मी." धनेशनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. म्हणले, काढला त्याला, घरी लावून दिला. मी निवांत झालो मॅडम. वडापाव खाल्ला मी. दुपारी कंपनीच्याच माणसानं गाडी आत नेली, आन् सांजच्याला…"

"आणि पोलिसांना खोटं का सांगितलंस?"

"कुलूप तू लावलंय म्हणले. फाशी तुला हुईल. चोर म्हण, दोघंबी सुटू."

फौजदारांनी टोपी पुन्हा सरळ केली. "मॅडम, नानासाहेब म्हणतील हा स्वतःला वाचवायला बोलतोय. ते तर रावेतला होते."

"रावेतला नव्हते," सुमनताई म्हणाल्या. "पण तसं सांगणारं कुणीतरी पाहिजे."

५

गेटवर माऊली होता. सिक्युरिटीचा सुपरवायझर. कडक इस्त्रीचा निळा युनिफॉर्म. त्याच्या मागं मोठा फलक: या कारखान्यात अपघाताविना गेलेले दिवस. आकडा त्या दिवशीही एकानं वाढवला होता. आत मेलेला माणूस नियमाप्रमाणे आत आलेलाच नव्हता, त्यामुळे फलक खोटा बोलत नव्हता.

"मला काही माहिती नाही ताई," माऊली म्हणाला. "पास असेल त्याला सोडतो, नसेल त्याला नाही."

"ताडपत्रीखाली कधी पाय दिसला नाही?"

माऊलीनं रस्त्याकडे पाहिलं. एक ट्रेलर वळत होता. "सगळं बघत बसलो तर एक गाडी आत जाणार नाही. मग मला कोण ठेवेल? माझी दोन पोरं आहेत ताई. पिंपळे गुरवला खोली आहे, तिचं भाडं आहे."

सुमनताई पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात दिव्या पुढे आली.

"दादा, मी गणराजची बायको."

माऊलीनं मान वळवली नाही.

"मला नोकरीचं काही विचारायचं नाही. एवढंच सांगा. आत ते… पत्रा वाजवत होते का?"

ट्रेलर वळून गेला. धूळ बसली.

"वाजवत होता," माऊली म्हणाला.

"किती वेळ?"

"पाहुण्यांचा चहा झाला, तोवर."

दिव्यानं गेटचा लोखंडी गज धरला. माऊली आता तिच्याकडे बघून बोलत होता आणि थांबू शकत नव्हता.

"मला आधी वाटलं कुठं काम चाललंय. मग नानासाहेब आले. सरळ गाडीकडे गेले. हातात किल्ली होती, मी बघितली. कुलपाला लावणार, तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका वळला तिकडं. त्यांनी किल्ली खिशात टाकली. नुसतंच उभं राहिलेलं दिसू नये म्हणून असेल, पत्र्यावर हात ठेवला, आणि चटकन उचलला. आतून ठोकल्याचा आवाज आला. पाहुण्यातल्या एकानं विचारलं, काय वाजतंय. नानासाहेब हसून म्हणाले, पत्रा हाय साहेब, उन्हात तापला की वाजतो. आणि त्यांच्याबरोबर चहाला गेले."

"परत आले नाहीत?"

"नाही. मी थोड्या वेळानं जवळ गेलो. तेव्हा वाजत नव्हतं." त्यानं पट्टा सरळ केला. "मला वाटलं, उघडलं असेल कुणीतरी."

"किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या टेबलावर होता?" सुमनताईंनी विचारलं.

माऊलीनं मागे वळून पाहिलं नाही. टेबल त्याच्या मागेच होतं.

"दादा, माझ्याबरोबर ठाण्यात चला," दिव्या म्हणाली. "नोकरी जाईल तुमची. मला कळतंय. पण तुम्ही नाही बोललात, तर हे चोर म्हणून जळतील."

माऊलीनं टोपी काढून टेबलावर ठेवली. मग परत उचलून डोक्यावर घातली, आणि म्हणाला, "शिफ्ट संपल्यावर येतो."

शिफ्ट संपली. माऊली गेटमधून बाहेर आला आणि मोटारसायकल सुरू करून उलट्या दिशेनं निघून गेला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात नानासाहेब पाय पसरून बसले होते. धनेश भिंतीशी उभा. दिव्या बाकावर. माऊलीची खुर्ची रिकामी.

"बाई, तुमी आता रिटायर हाय," नानासाहेब म्हणाले.

"म्हणूनच वेळ आहे. नानासाहेब, तुमचा माल हौद्याच्या काठाच्या खाली राहतो. त्याला चपटं झाकण पुरतं, आणि तेच जास्त सुरक्षित. रविराजनं तुम्हाला सांगितलंही. तुम्ही उंच टोप घेतला. त्यात मी बसून आले. क्रेटांच्या मागे बसलेल्या माणसाचं डोकं मावावं, एवढीच ती जादा उंची आहे."

"म्होरं मोठा माल…"

"तळाला चार कड्या माल बांधायला आहेत. पाचवी वर, बसल्या माणसाच्या हाताशी, रबर चढवलेली. खड्ड्यात गाडी आदळली की धरायला. मालाला हात नसतात नानासाहेब."

नानासाहेबांनी पसरलेले पाय आखडून घेतले.

"म्हणजे टोप निवडतानाच माणूस तुमच्या हिशेबात होता. त्याच्या हाताला टोचू नये म्हणून रबरही सांगितलंत. आणि त्याच टोपाला झरोके नको म्हणालात, आतली खिट्टी काढायला लावलीत. माल चोरापासून राखायचा होता आणि माणूस गेटपासून. दोघांसाठी तुम्ही एकच कुलूप घेतलंत."

"ह्यो धनेश काय बी सांगंल. मी घरी हुतो."

"पत्रा तापलेला होता, हात लावला तर चटका बसत होता, असं तुम्हीच मला म्हणालात. संध्याकाळी तुम्ही धक्क्यावर आलात तेव्हा गाडी कूलरसमोर गारव्यात दुपारपासून उभी होती. हे फौजदार तिथंच पंचनामा करत होते. काय रे, पत्रा कसा होता?"

"गार होता मॅडम," फौजदार म्हणाले. "मी टेकूनच लिहिलं."

"मग चटका तुम्हाला कधी बसला?"

नानासाहेबांनी उजवी मूठ मिटली. "बोलण्यात येतं माणसाच्या. त्याला काय पुरावा म्हणत न्हाईत. हाय का कोन बघितल्यालं?"

फौजदारांनी सुमनताईंकडे पाहिलं. सुमनताईंनी दिव्याकडे. दिव्या दाराकडे बघत होती, आणि दारात माऊली उभा होता. साध्या कपड्यांत.

"युनिफॉर्म देऊन आलो," तो म्हणाला. "काल घरी गेलो. बायकोनं जेवायला वाढलं. पोरगं ताटली वाजवत होतं." तो खुर्चीत बसला नाही. "लिहा साहेब. मी बघितलंय."

त्यानं सगळं सांगितलं. स्वतःच्या टेबलावर किल्ली होती, हेसुद्धा. ते कुणी विचारलं नव्हतं.

नानासाहेबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मला वाटलं, बसंल. रोज बसायचा. अर्ध्या तासाची तर गोष्ट. त्या पाहुण्यांच्या म्होरं हौद्यातनं माणूस काढला असता, तर सगळं संपलं असतं माझं."

"मेल्यावर त्याला चोर केलंत, कारण कामगार म्हटलं तर तो तुमचा निघत होता," सुमनताई म्हणाल्या.

शिपाई त्यांना आत घेऊन गेला. धनेशला आणि माऊलीला थांबवून ठेवलं. त्यांचं काय करायचं ते सरकारी वकील ठरवणार होते. वर्कशॉपमध्ये रविराज झरोके पाडत होता म्हणतात, दुसऱ्या टोपाला. कडी त्यानं कापली की ठेवली, ते कुणी विचारलं नाही.

फौजदारांनी नवा कागद घेतला. सुमनताई शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचत होत्या. मग तो कागद दिव्यासमोर आला. तिनं बोट ठेवून वाचलं: मयत गणराज, धंदा हेल्पर, कामावर असताना. तिथं बोट थांबलं. तिनं ते दोन शब्द परत वाचले आणि सही केली.

शववाहिनी लागली होती. दिव्यानं गावाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सुमनताईंनाही ऐकू जावं, म्हणून.

"आत्याबाई, घेऊन निघाले मी त्यांना. सांगा भावकीला. कागदावर लिहून दिलंय. चोर नव्हते. कामावर होते म्हणून लिहिलंय."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मग सरूबाई, गणराजची आई, म्हणाल्या, "मला ठाव होतं गं बाई. माझं लेकरू कामावरच असल." मग म्हणाल्या, "मंग आजूबाजूला माणसं असतील की कामावरची."

"होती, आत्याबाई."

"त्यानं हाका मारल्या नसतील का? दार वाजवलं नसल का?"

"वाजवलं."

"मंग कामून उघडलं न्हाई गं कुणी?"

दिव्यानं सुमनताईंकडे पाहिलं. तिनं फोन सुमनताईंच्या हातात दिला, कारण सगळं शोधून काढणारं माणूस तेच होतं. सुमनताईंनी तो हातात धरला. "सरूबाई, मी सुमन बोलतेय," त्या म्हणाल्या.

"हां ताई," सरूबाई म्हणाल्या. "सांगा."